शनिवारचे दोन पेग आणि दबलेली नस

पत्र थोडक्यात असं: जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणारे ४४ वर्षांचे वाचक लिहितात, की जूनमध्ये खताची गाडी उतरवताना कमरेत चमक भरली. एमआरआयमध्ये एल४-एल५ या कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून डावी नस दबल्याचं निघालं. कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. ऑपरेशनची गरज नाही असं सांगितलंय. रोज रात्री प्रीगॅबालिन ७५ आणि नॉरट्रिप्टिलिन १० एकत्र असलेली गोळी चालू आहे. दुखणं फारच वाढलं तर अ‍ॅसिक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि थायोकोल्चिकोसाइड एकत्र असलेली दुसरी गोळी घेतात. दर शनिवारी ढाब्यावर मित्रांबरोबर ‘दोन पेग’ होतात. डॉक्टर ‘दारू बंद’ एवढंच म्हणाले, कारण सांगितलं नाही. म्हणून ते शनिवारी रात्रीची गोळी टाळतात. पुढे लिहितात: “घेतली की कळ पूर्ण थांबते, कंबर मोकळी होते, झोपही लागते. मग ती वाईट कशी? रविवारी कंबर धरते, ती थंडीनं असावी. बायको म्हणते दारूनंच कंबर गेली. श्रावणात मी महिनाभर बंद ठेवतो, म्हणजे व्यसन नाही. दोन पेग चालतील का? त्यापेक्षा बिअर बरी का? आता हुरड्याचे दिवस येतील, तिथं नाही कसं म्हणायचं?”

तुम्ही बरंच विचारलंय, पण ज्याची मला जास्त काळजी वाटली ते पत्रात जाता जाता आलंय: शनिवारी गोळी टाळणं. दारू आणि गोळी एकत्र नको हे तुमच्या लक्षात आलंय, ते बरोबरच आहे. पण एक रात्र गोळी टाळून हिशेब जुळत नाही. तुमच्या गोळीतली दोन औषधं अंगातून वेगवेगळ्या वेगानं उतरतात. प्रीगॅबालिन साधारण सहा तासांत निम्मं होतं, म्हणजे शुक्रवारी रात्री घेतलेलं शनिवारी रात्रीपर्यंत जवळपास संपलेलं असतं. नॉरट्रिप्टिलिनला निम्मं व्हायलाच एक दिवस किंवा जास्त लागतो. रोज घेतल्यानं त्याचा साठा तयार होतो, आणि तुम्ही ढाब्यावर पहिला घोट घेता तेव्हा तो रक्तात असतोच. गुंगी आणणारं औषध आणि दारू एकत्र आली की तोल जातो, झोप जड होते, श्वास मंदावतो. शिवाय नॉरट्रिप्टिलिन घेणाऱ्याला उठताना बीपी खाली येऊन चक्कर येऊ शकते, त्यात दारूची भर पडते.

दुसरी बाजू रविवारची. नसेच्या दुखण्यावरचं औषध रोज ठरल्या वेळी घ्यावं लागतं. तुम्ही दर आठवड्याला एक खाडा करता, आणि मग रविवारी पाय जास्त ओढतो. रविवारी कंबर धरते असं तुम्हीच लिहिलंय, पण दोष थंडीला दिलाय. माझ्या मते त्यात चुकलेल्या गोळीचा वाटा मोठा असावा. वर डॉक्टरांना वाटेल की ७५ची मात्रा पुरत नाही, आणि ते ती वाढवतील. खाडा चालू आहे हे त्यांना ठाऊकच नाही. मग ‘गोळीही घेतो आणि पेगही’ असा अर्थ मात्र काढू नका. ते याहून वाईट. एखाद्या दिवशी दारू घेतलीच गेली असेल, तर त्या रात्री वर गुंगीची गोळी टाकू नका. शनिवारचं तुमचं तेवढं वागणं योग्यच आहे. घोळ आहे तो दर आठवड्याला हाच पेच उभा करण्यात.

दुखण्याच्या गोळीचं गणित आणखी वेगळं. अ‍ॅसिक्लोफिनॅक जठराचं अस्तर कमजोर करतं, दारूही तेच करते, आणि ढाब्यावर जेवण येतं शेवटी. रिकाम्या पोटी दोन्ही पडले की जठरात व्रण होऊन रक्त जाऊ शकतं. शौच डांबरासारखं काळं आणि चिकट झालं, किंवा उलटीत चहाच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर थेट दवाखाना गाठायचा. पॅरासिटामॉलचा भार यकृतावर असतो, थायोकोल्चिकोसाइडनं गुंगी येते. ज्या दिवशी ही गोळी पोटात गेली त्या दिवशी दारू नाही. यात सवलत नाही.

आता ‘दोन पेग’. पेग कोणी भरला, कशानं मोजला? लहान पेग ३० मिलिलिटर, मोठा ६०. व्हिस्की, रम, ब्रँडी यांच्या आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे लहान पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आणि मोठ्यात २०. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, सहा लहान पेग. दोघांत एक क्वार्टर संपली तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन लहान पेग आले, तोंडानं आपण ‘दोनच’ म्हणत असलो तरी. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम उतरवतं. लिंबू-पाण्यानं, कॉफीनं, तोंडावर पाणी मारून हा वेग वाढत नाही.

तुमचे पेग मोठे असावेत असा माझा अंदाज आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. कळ ‘पूर्ण थांबते’ असं तुम्ही म्हणता. दारूनं वेदना कमी जाणवते हे खरं आहे, ते मनाचे खेळ नाहीत. पण वेदना ठळकपणे कमी व्हायला साधारण तीन-चार लहान पेगांइतकी मात्रा लागते. दोन लहान पेगांत नसेची कळ पूर्ण थांबत नसते. शिवाय शरीर सरावतं, आज चारला जे होतं त्याला काही महिन्यांनी पाच-सहा लागतात. औषध म्हणून दारू घेणाऱ्याचा आकडा बहुतेक वेळा असाच चढतो. पुढच्या वेळी घरातलं औषधाचं मापाचं झाकण घेऊन जा आणि नेहमीचा पेग त्यानं मोजा. मित्र हसतील, हसू द्या.

कळ थांबते तेव्हा नस मोकळी झालेली नसते. गादी जिथे होती तिथेच असते, सूज तेवढीच असते, फक्त मेंदूपर्यंत आवाज पोहोचत नाही. त्या दोन-तीन तासांत तुम्ही काय करता ते बघा. ढाब्यावरच्या बाजेवर बसता. बाज मधे झोळते, कुल्ले खाली जातात, गुडघे वर येतात, कंबर मागे गोल होते. अशा बसण्यात सरकलेल्या गादीवर ताण येतो. एरवी वीस मिनिटांत पायात मुंग्या आल्या असत्या आणि तुम्ही उठला असता. दारू अंगात असली की तीन तास उठत नाही, आणि रविवारी त्याचं बिल येतं. शनिवारच्या त्रासात दारूइतकाच वाटा या बाजेचा आहे, आणि ती सोडणं सोपं आहे. पाठ असलेली खुर्ची मागा, कमरेच्या खोबणीत टॉवेलची गुंडाळी ठेवा, दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून चार पावलं टाका. हातात ताक असलं तरी हे करायचंच.

झोपेचंही तसंच. दारूनं डोळा लवकर लागतो, पण उतरायला लागली की रात्रीचा उत्तरार्ध तुटक होतो. घसा कोरडा पडतो, लघवीला उठावं लागतं. अर्धवट झोपेत, अंधारात, सरळ कंबर उचलून उठलात की चमक भरते, किंवा तोल जातो. शिवाय जड झोपेत माणूस कूस बदलत नाही, एकाच वेड्यावाकड्या स्थितीत तासन्‌तास पडून राहतो. रात्री उठायचंच झालं तर, प्यायलेले असा वा नसा, आधी एका अंगावर वळा, गुडघे दुमडा, पाय पलंगाखाली सोडत हातानं रेटा देऊन बसा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी.

कोणती घ्यावी, यावर फार लिहिण्यासारखं नाही. नसेला ब्रँड कळत नाही. गरम पाण्यातल्या ब्रँडीनं कातडीला ऊब येते, मणक्याला काही होत नाही. बिअर ‘हलकी’ हा मात्र महागात पडणारा समज आहे. ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल, चार लहान पेग. पाच टक्क्यांची माइल्ड घेतली तरी अडीच. वर रात्रभर लघवीला उठणं आणि पोटाचा घेर. अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये सात कॅलरी असतात, आणि सोबतचे तळलेले शेंगदाणे त्यात धरलेले नाहीत. पोट पुढे आलं की कमरेचा बाक वाढतो. हातभट्टीचा विचारही नको. तिच्यात काय आणि किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि मिथेनॉल निघालं तर डोळे जातात, जीवही जातो.

वहिनींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आठवड्यातून एकदा घेतलेल्या दारूनं गादी सरकत नाही. ती सरकवायला ४५ किलोचं युरियाचं पोतं आणि ५० किलोची डीएपीची गोणी पुरेशी आहे, विशेषतः कमरेत वाकून, गोणी छातीपासून लांब धरून, त्यातच वळलात तर. पण सरकलेली गादी बसायला लागणारा वेळ दारू खाते: झोप बिघडवून, गोळ्या चुकवून, दुखणं दडपून. तंबाखूची सवय असेल (तुम्ही लिहिलेलं नाही, पण ढाब्यावर पुड्या फुटतातच), तर ती गादीला दारूपेक्षाही जास्त घातक. गादीला थेट रक्तवाहिन्या नसतात, मणक्याच्या हाडातून झिरपेल त्यावरच ती जगते, आणि निकोटिन ते झिरपणंही कमी करतं. वहिनींना ‘तुझं चुकीचं आहे’ म्हणण्याऐवजी हे सांगून बघा, आणि पोती उचलणार नाही असा शब्द सोबत द्या. दुकानात हमाल आहेत ना?

आता निवड. माझं मत सरळ आहे: रात्रीची गोळी चालू आहे तोवर शून्य. हे ऐकायला कठीण जातं, कारण ‘बंद’ म्हटलं की जन्मभर असं वाटतं. तसं नाही. गादी सरकून पायात जाणाऱ्या कळा बहुतेक लोकांच्या सहा आठवडे ते तीन महिन्यांत बऱ्यापैकी ओसरतात. तुमचे चार महिने झाले आहेत, थोडी रेंगाळली आहे, पण हा ठराविक काळाचाच मामला आहे. पुढच्या खेपेला डॉक्टरांना खरं सांगा: शनिवारी किती होते, आणि गोळीचा खाडा पडतो हेही. विचारा, ‘ही गोळी कधी आणि कशी कमी करायची?’ प्रीगॅबालिन एकदम सोडायचं नसतं, निदान आठवडाभरात उतरवत आणायचं असतं. मनानं बंद करू नका.

डॉक्टरांनी गोळी थांबवली, त्यानंतर आठ-दहा दिवस गेले, कळ परतलेली नाही, आणि तरीही मित्रांबरोबर बसावंसं वाटलं, तर मर्यादा अशी ठेवा: आठवड्यातून एकदाच, मोजून दोन लहान पेग, तेही आधी भाकरी-भाजी खाऊन, तासाला एक, मधे पाण्याचा ग्लास, आणि झोपण्याच्या निदान तीन तास आधी संपवून. आठवडाभराचं साठवून एका रात्रीत घ्यायचं नाही. हे सुरक्षित आहे असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. या मर्यादेत मणक्यापुरता धोका कमी राहतो, इतकंच. मोटारसायकल चालवत घरी परतायचं नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि मध्यम बांध्याच्या माणसाला दोन लहान पेगही ती ओलांडायला लावू शकतात. पोलिसांचं सोडा, आपल्या तालुक्याच्या रस्त्यावरचा एक न दिसलेला खड्डाही चार महिन्यांच्या फिजिओथेरपीवर पाणी फिरवेल.

एक वही ठेवा. शनिवारी रात्री, रविवारी सकाळी आणि सोमवारी सकाळी, पायाचं दुखणं दहापैकी किती ते लिहा. चार शनिवार न घेता, गोळी न चुकवता लिहा. आधीच्या एक-दोन शनिवारांचे आकडे आठवून वर टाका. डॉक्टरांना दाखवायलाही ही वही उपयोगी पडते.

श्रावणाबद्दल. महिनाभर बंद ठेवता येतं ही जमेची बाजू आहे, पण तेवढ्यानं निकाल लागत नाही. गटारीला किती झाली होती? श्रावण संपल्यावर पहिल्याच बैठकीत? आणि मुख्य म्हणजे, मधल्या बुधवारी कळ उठली तर हात गोळीकडे जातो की मन बाटलीकडे? शेवटच्या प्रश्नाला अडखळलात, तर ते आताच बोलण्यासारखं आहे. १४४१६ या टेली-मानसच्या किंवा १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, तसंच अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. तिथं जायला व्यसनी असावंच लागतं असं नाही.

हुरड्याला जरूर जा. ‘नसेच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी सक्त मना केलंय’ एवढं वाक्य पुरतं. गोळ्यांच्या नावावर सहसा कोणी आग्रह धरत नाही. परतीला गाडी तुम्ही चालवणार असं आधीच जाहीर केलंत तर उलट मागणी वाढेल. आगटीभोवती उकिडवं बसून कणसं भाजण्या-चोळण्याचं काम दुसऱ्याला द्या, ते तुमच्या कमरेसाठी बाजेइतकंच वाईट. खुर्ची घ्या, हुरडा, जवसाची चटणी आणि ताकाचा ग्लास हातात येऊ द्या.

पिणाऱ्याच्या बाबतीत सहज चुकणारी एक गोष्ट: पाय लटपटला की ‘चढली’ म्हणून सोडून देतात. रविवारी सकाळी, अंगात काही नसताना, भिंतीजवळ उभं राहून दहा पावलं टाचांवर चाला, मग दहा चवड्यांवर. डाव्या टाचेवर चालताना पंजा खाली पडत असेल, अंगठा वर उचलत नसेल, तर नसेची ताकद कमी होते आहे. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि बसण्याच्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही पाय गळाले, तर सोमवारची ओपीडी पाहत बसायचं नाही. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जायचं. उशिरा सुटका झालेल्या नसा बऱ्याचदा पूर्ववत होत नाहीत.

कमरेचं म्हणून चालवून घेतलेलं सगळंच कमरेचं नसतं. कळ जांघेत जास्त असेल, मांडी घालून बसता येत नसेल, लंगडत असाल, तर खुब्याचा एक्स-रे आणि गरज पडल्यास एमआरआय करून घ्या. दारू आणि स्टेरॉइड या दोन्हींमुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजतो, आणि असे रुग्ण कित्येकदा महिनोन्‌महिने कमरेचाच उपचार घेत बसतात. कमरेत इंजेक्शनं घेतलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. दोन्ही तळपायांची सारखीच आग होत असेल तर एका बाजूची दबलेली नस ते करत नाही. साखर, बी१२ तपासा आणि डॉक्टरांना दारूचं प्रमाण खरं सांगा. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत आरपार जाणारं दुखणं, सोबत उलट्या, हे स्वादुपिंडाचं असू शकतं.

असेच प्रश्न असलेल्या इतर वाचकांसाठी. मणक्याचा क्षयरोग असेल आणि औषधं चालू असतील, तर उपचार संपेपर्यंत एक थेंबही नाही. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्ही यकृतावर येतात, आणि कावीळ झाली की औषध थांबवावं लागतं, मग आजार उलटतो. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसवाल्यांचा मणका कडक आणि ठिसूळ झालेला असतो, साध्या पडण्यानंही तो मोडू शकतो. आठवड्याची मेथोट्रेक्सेट चालू असेल तर दारूनं यकृताचा धोका आणखी वाढतो. मज्जारज्जूला इजा होऊन नळीनं लघवी काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की दारूनं लघवी जास्त होते आणि चार-सहा तासांचं वेळापत्रक कोलमडतं. मूत्राशय तुडुंब भरतं, आणि छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्यावरच्या इजेत त्यानं बीपी धोकादायक चढू शकतं. वर गुंगीत कूस बदलायची राहिली की जखमा होतात. मणक्याचं ऑपरेशन ठरलं असेल तर निदान चार आठवडे आधी थांबा आणि भूलतज्ज्ञांना प्रमाण लपवू नका. पण जे रोज पितात, त्यांनी हे वाचून आज रात्रीपासून अचानक बंद करू नये. हात थरथरणं, झटके, दोन-तीन दिवसांनी भ्रम होणं, असं घडू शकतं, आणि ते जिवावर बेततं. त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची, गरज पडली तर दाखल होऊन.